नाथाजीचं पाच थरांचं पुडिंग

दोनशे जवानांचं जेवण घड्याळाच्या काट्यावर उठवणारा नाथाजी शेवाळे स्वतःच्या घरात चहाचं आधणसुद्धा ठेवू शकत नव्हता. पलटणीत बावीस वर्षं तो कुक होता, त्यातली शेवटची आठ ऑफिसर मेसमध्ये. बाहत्तर साली पेन्शन घेऊन मलकापूरजवळच्या आमच्या वाडीला आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सवयीनं चुलीपुढं जाऊन बसला. त्याची बायको साळूबाई गोठ्यातनं शेणाचा हात धुऊन आत आली, ती उंबऱ्यातच थबकली.

"उठा तितनं."

"अगं, च्या टाकतोय."

"च्या टाकायला मी काय मेलीया व्हय? शेजारनीनं बगितलं तर म्हनंल, साळीनं न्हवरा चुलीला जुंपला. उठा म्हनते न्हवं!"

मेजरसाहेबापुढं कधी पापणी न लववलेला गडी फुंकणी खाली ठेवून मुकाट्यानं उठला.

मग त्यानं कराडच्या बाजारातनं वातीचा स्टोव्ह आणला, परड्यात गोठ्याच्या वळचणीला चार पत्रे ठोकले आणि तिथं आपला कारभार मांडला. गावानं त्याला 'नाथाजीची मेस' नाव दिलं. तिथं तो सकाळी आमलेट करायचा. खाकी अर्धी चड्डी, कडक इस्त्री, ओठावर कात्रीनं सरळ कापलेली मिशी आणि तोंडानं शीळ. कुणी लग्नाच्या स्वयंपाकाला बोलवलं तर म्हणायचा, "मी आचारी न्हाई गड्या. मी मेसचा मानूस हाय." बुंदी पाडणाऱ्याला तो माणसात धरत नव्हता.

त्याचा सगळा अभिमान एका पदार्थात होता. पाच थरांचं चॉकलेट पुडिंग. पारावर बसला की त्याचं वर्णन सुरू.

"काचंचं भांडं घ्यायचं. खाली बिस्कुटाचा चुरा, वर पांढरं, वर काळं, परत पांढरं, परत काळं. वरनं बगशीला तर पाटीगत सपाट. आन बाजूनं बगशीला तर पाच रांगा परेडीगत फालिन करून हुब्या! एक बी रांग वाकडी न्हाई. कर्नलसाब बोट करून पावन्यास्नी दाकवायचा."

"आन लागतं कसं?" कुणीतरी विचारायचं.

"लागतं कसं ते सायबाला इचार. मी रांगा लावनारा."

वाडीत ते पुडिंग कुणी पाहिलं नव्हतं. नाथाजीलाही ते करायचं काही कारण पडलं नव्हतं. कारण पडलं ते साळूबाईच्या पायामुळं.

चौऱ्याहत्तर साली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, तोडलेल्या उसातनं चालताना एक टोकदार बुडखा तिच्या तळव्यात घुसला. तिनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि कामाला लागली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी जखम बुजेना. अंगठ्याच्या बुडाला काळं पडायला लागलं. नाथाजीनं तिला बैलगाडीत घातलं आणि कराडला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी लघवी तपासली. "यांना साखरेचा आजार आहे. गोड अजिबात बंद. भात, भाकरी मोजून. पोटातल्या गोळ्या देतो. पण गोड सुटलं नाही तर ही जखम भरायची नाही, आणि मग अंगठा काढायला मिरजेला न्यावं लागेल. अंगठ्यावर थांबलं तर नशीब."

साळूबाईचं माहेर गुऱ्हाळवाल्यांचं. दूध सुटायच्या आधी तिच्या तोंडात गूळ पडला असेल. जेवण झालं की गुळाचा एक खडा तोंडात टाकल्याशिवाय ती ताटावरनं उठत नसे. घरी आल्यावर तिनं विचारलं, "साकर बंद म्हनला न्हवं डाक्टर? आमी साकर खातोय कवा? पावना आला तरच."

"गूळ बी बंद," नाथाजी म्हणाला. "गूळ म्हंजी साकरंचा थोरला भाऊ."

"बरं," साळूबाई म्हणाली.

नाथाजीनं त्याच दिवशी पालीच्या खंडोबाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि मोठ्यानं बोलला, "देवा, हिचा पाय बरा हुईस्तवर मी बी गोड सोडलं." आमच्याकडं असं काहीतरी सोडायची रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी पायताण सोडतं. नाथाजीनं गोड सोडलं आणि चहा बिनसाखरेचा सुरू केला.

डॉक्टरांनी त्याला एक काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा दिला होता. नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं झालं तर बरीच. विटकरी झालं तर गेलं काम. असलं काम मिलिटरीच्या माणसाला फार आवडतं. रोज सकाळी सातला नाथाजी मेसमध्ये दिवा लावायचा, नळी उजेडात धरायचा आणि आत वर्दी द्यायचा.

"आज पिवळं!"

"वरडू नगा वं! सगळ्या गल्लीला सांगताय काय माजं?"

पंधरा दिवसांत नळी पिवळ्यावरनं हिरव्यावर आली. पण साळूबाई सुकायला लागली. गूळ नाही म्हणून जेवण जाईना. अर्धी भाकरी मोडायची आणि ताट सरकवायची. एक दिवस शेजारच्या हरणाबाईला म्हणाली, "गोडाबिगर जेवान म्हंजी मीठ न टाकता कालवान. गेला अंगटा तर गेला. पर एक गुळाचा खडा दे गं."

हरणाबाईनं दिला नाही, पण नाथाजीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं साताऱ्याला गेला आणि मिलिटरी कँटीनमधनं कोकोचा डबा घेऊन आला. नुसता कडू कोको, साखर न घातलेला. येताना कराडच्या औषधाच्या दुकानातनं सॅकरिनच्या गोळ्यांची बाटली आणि भुसाऱ्याकडनं थर थिजवायला चायना ग्रासची पुडी.

"हे काय?" साळूबाईनं विचारलं.

"तुला पुडिंग करनार. सायबाचं."

"मला गोड बंद हाय न्हवं?"

"ह्यात साकर न्हाई, गूळ न्हाई, मैदा न्हाई, बिस्कूट न्हाई. गोड मातर लागनार. जेवान झालं की एक वाटी. आर्डर हाय."

आणि नाथाजी खरंच कामाला लागला. बिस्किटाच्या चुऱ्याच्या जागी त्यानं भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट घेतलं, त्यात लोणी मळलं आणि पत्र्याच्या चौकोनी डब्यात तळाला वाटीनं दाबून बसवलं. पांढऱ्या थराला म्हशीच्या दह्याचा चक्का. रात्रभर फडक्यात टांगून पाणी पार निथळलेला, मग त्यात साय घोटलेली. काळ्या थराला साय, कोको आणि साळूबाईच्याच कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक. पातेल्यात पातेलं ठेवून तो हे सगळं हळूहळू शिजवायचा. ढवळायचा हात थांबला तर अंडं फाटतं, म्हणून एकीकडं शीळ आणि एकीकडं पळी. चायना ग्रास उकळून दोन्हीत थोडं थोडं. फ्रीज कुठला आमच्या वाडीत! रांजणाखालच्या ओल्या वाळूत डबा रुतवायचा. पौष महिना होता, दोन तासांत एक थर धरायचा. खालचा थर बोटाला लागेनासा झाल्याशिवाय वरचा ओतायचा नाही. त्यामुळं अख्खा दिवस त्यातच जायचा. एक थर ओतायचा, रानात चक्कर मारून यायची, मग दुसरा ओतायचा.

गोळ्यांचं गणित त्यानं मेसवरनं काढलं. तिथं एवढ्या पुडिंगला बारा चमचे साखर पडायची. एक गोळी म्हणजे एक चमचा साखर, असं दुकानदार म्हणाला होता. म्हणून बारा गोळ्या. वर दोन जादा, बायकोसाठी. मेसमध्ये साखर शिजतानाच पडायची, म्हणून गोळ्याही शिजतानाच पडल्या.

पहिली वाटी त्यानं साळूबाईपुढं ठेवली आणि पाय जुळवून उभा राहिला.

तिनं खाल्लं. चमचा वाटीत ठेवून पदरानं तोंड पुसलं.

"काय?"

"लय झ्याक झालंया," साळूबाई म्हणाली.

नाथाजीनं मिशीवरनं बोट फिरवलं. त्यानं स्वतः चाखायचा प्रश्नच नव्हता. गोड सोडलेलं.

दुसऱ्या खेपेला डबा तयार झाला तेव्हा हरणाबाई बघायला आली. वाटीत काढलेल्या तुकड्याचं काळं, पांढरं, काळं बघून म्हणाली, "बया! भिंतच बांदलीया की! ह्येला गिलावा कवा करायचा म्हनं?"

"तू तुजं शेनाचं सारवान बग," नाथाजी म्हणाला.

साळूबाई आता जेवायला लागली. पुडिंग खायचं म्हणून भाजी-भाकरी पोटात जायची. आठ दिवसांत तिच्या तोंडावर कळा आली. नाथाजी खूश. दर तीन दिवसांनी नवा डबा.

आणि नळी विटकरी झाली.

पहिल्या दिवशी नाथाजीला वाटलं, नळी नीट धुतली नसेल. दुसऱ्या दिवशी विटकरी. तिसऱ्या दिवशी औषध बिघडलं का म्हणून त्यानं स्वतःचीच तपासली, तर निळीच्या पाण्यागत निळी. म्हणजे औषध शुद्ध. आता संशय पुडिंगवर आला. त्यानं कोको बदलला. साय कमी केली. शेंगदाण्यावर संशय धरून तळाचा थर पातळ केला. बायकोच्या भाकरीचा तुकडा मोजला. नळी विटकरीच. तिकडं अंगठ्याचं काळं नखाच्या बाजूला सरकलं.

डॉक्टर म्हणाले, "कुठंतरी गोड जातंय. आणखी पंधरा दिवस बघतो. त्यानंतर मी कागद लिहून देतो, मिरजेला जा."

गाडी माघारी निघाली. घराजवळ आल्यावर साळूबाई म्हणाली, "ते पुडिंग बंद करा मग."

नाथाजीला ते कर्नलनं बिल्ला काढून घेतल्यासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटचा डबा लावला. पाचही थर लावून झाल्यावर वाटीत न काढता अख्खा डबाच परातीत उपडा केला. म्हणाला, आता एकेक थर सोडवून तपासतो, कोण हरामखोर आहे ते कळू दे.

डबा उचलला. पुडिंग परातीत उभं राहिलं, एवढंसं हललं, आणि वरचे दोन थर घसरून बाजूला पडले.

नाथाजी बघतच राहिला. मेसमधल्या आठ वर्षांत त्याचा थर कधी घसरला नव्हता. चक्का निथळलेला, चायना ग्रास मापात, खालचा थर धरलेला. मग घसरतो कसा? त्यानं खाली वाकून बघितलं. पांढऱ्याच्या पाठीवर तांबूस, चिकट, चकाकणारी रेघ. त्यानं बोट लावलं आणि नाकाशी नेलं. गुऱ्हाळाचा वास.

"साळे!"

साळूबाई लंगडत परड्याच्या दारात आली.

"ह्ये काय हाय?"

तिनं परातीत बघितलं. मग गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "काकवी."

"काकवी?"

"तुमी थर वतून रानात गेला की मी एक पळी फिरवत व्हते मधी. झाकून जाती वरच्या थराखाली."

नाथाजीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "डाक्टरनं गोड बंद केलं! मी गूळ बंद केला! पाय कापायची पाळी आली, आन तू..."

"काकवीचं नाव कुनी काडलं वं?" साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "साकर बंद म्हनला, केली. गूळ बंद म्हनला, केला. हात लावला न्हाई मी गुळाला, शप्पत. काकवी म्हंजी काय गूळ हाय? गूळ तर तिचा म्होरं हुतो. रस नुसता आटलेला. उसाच्या रसाला कोन साकर म्हनतं?"

नाथाजीनं कपाळावर हात मारला. कुंपणापलीकडनं हरणाबाईचं हसू ऐकू आलं.

"तू गप गं!" दोघंही एकदम ओरडली.

मग नाथाजी उकिडवा बसला. राग ओसरला आणि भलतंच काहीतरी त्याच्या डोक्यात आलं. "पर का? मी येवढ्या गोळ्या घालत व्हतो. बारा आन दोन चौदा. गोड लागत न्हवतं तुला?"

साळूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांग की."

"तुमीच चाकून बगा."

"मी गोड सोडलंया."

"मग ऱ्हाऊ द्या."

नाथाजीनं परातीकडं बघितलं, मग पालीच्या दिशेला. विचार करून म्हणाला, "ह्यात साकर न्हाई. गूळ न्हाई. म्हंजी तसं बगाय गेलं तर ह्ये गोडात बसतच न्हाई. खंडोबा काय आडानी न्हाई."

"हां!" साळूबाईनं बोट नाचवलं. "मी काकवीला गूळ न्हवं म्हनलं तर येडी. आन तुमी देवाला बनवताय ती अक्कल!"

नाथाजी ओशाळला, पण थांबला नाही. जिथं काकवी लागली नव्हती तिथला कोपरा त्यानं चमच्यानं उचलला आणि तोंडात टाकला.

त्याचं तोंड असं वाकडं झालं की खुंट्यावरची म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली. तो उठला, शेणखईत जाऊन थुंकला, चूळ भरली, परत थुंकला.

"ह्ये... ह्ये तू महिनाभर खात व्हतीस?"

"व्हय."

"अगं, कडूजहर हाय! कडूलिंब बरा! पैल्या दिवशी का न्हाई बोललीस?"

"तुमी किती टापटिपीनं करत व्हता," साळूबाई म्हणाली. "दिसभर शीळ घालत. वाटी पुडं ठिवून हुबं ऱ्हायचा पाय जुळवून. तोंडावर कसं सांगायचं? म्हनलं, काकवी घातली की सरतंय गपगुमान."

नाथाजीनं सगळं पुडिंग उचलून म्हशीच्या घमेल्यात टाकलं. म्हशीनंही हुंगून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून कामाची तऱ्हा बदलली. साळूबाईनं माहेराहून आलेली काकवीची बरणी स्वतःच्या हातानं हरणाबाईच्या घरी पोचवली. आणि पाट घेऊन नाथाजीच्या मेसमध्ये येऊन बसली. आधीच्या दोन वर्षांत तिनं त्या पत्र्याखाली पाऊल टाकलं नव्हतं.

"मी चाकनार. आन खरं बोलनार. लागलं तर लागलं तुमास्नी."

"बोल."

पहिल्याच दमात तिनं शेंगदाणे करपलेत म्हणून तव्यातनं काढून घेतले आणि आत आपल्या चुलीवर मंद आचेवर भाजून आणले. नाथाजीनं चौदाच्या तीन गोळ्या केल्या. तरी कडू. मग त्याच्या ध्यानात आलं, गोळी उकळली की बिघडत असणार. त्यानं मिश्रण खाली उतरवून कोमट होऊ दिलं, गोळ्या पाण्यात विरघळवून मग घातल्या.

"आता?"

"कडू न्हाई. पर गोड बी फिकं फिकं. हिरीच्या तळाला पानी दिसावं तसं."

"मेसमधी कर्नलनं असं कवा सांगितलं न्हाई."

"कर्नलला काय, त्यो भरल्या पोटाचा."

चिमूटभर मीठ घातलं. जायफळ किसलं. तळाच्या कुटात भाजलेलं सुकं खोबरं मिसळायची अक्कल साळूबाईची, खोबऱ्याला स्वतःचा गोडवा असतो म्हणून. असं चार डबे वाया गेले. पाचव्याला साळूबाईनं एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि वाटी पाठीमागं लपवून म्हणाली, "ह्ये नुसतंच खाते. चाकायला दुसरं काडा."

खंडोबाला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक, पण नाथाजीनंही त्यातला अर्धा चमचा खाल्ला आणि डोळे मिटले. आठ वर्षं त्यानं ते पुडिंग रांगेत उभं केलं होतं. लागतं कसं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

नळी आठ दिवस पिवळी राहिली. मग हिरवी. डॉक्टरांची मुदत संपली त्या सकाळी ती हिरवट निळी होती, आणि नाथाजी ती नळी तशीच रुमालात गुंडाळून कराडला घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी बघितली, पाय बघितला. काळं सुटून खाली लाल, जिवंत मांस दिसत होतं.

"कागद लिहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "असंच चालू ठेवा. काय चालू आहे हो खायला?"

"पाच थर," नाथाजी म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांच्याकडं बाहेर लय पेशंट होते.

शिमग्याच्या सुमाराला पट्टी सुटली. तळव्यावर रुपयाएवढी गुलाबी खूण राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईनं खुरपं काढलं. खोडव्यात तण माजलं होतं, आणि चार महिने परक्या बायकांनी खुरपलेलं तिला पटलं नव्हतं.

"थांब," नाथाजी म्हणाला. आत जाऊन त्यानं ट्रंकेतनं आपले पलटणीतले तपकिरी कॅनव्हासचे बूट काढले. "ह्ये घाल. तसल्या बुडख्यांत उगड्या पायानं जायाचं न्हाई."

"बापय मानसाचं बूट? लोक हसतील."

"हसू दे. आर्डर हाय."

साळूबाई उंबऱ्यावर बसली. नाथाजीनं खाली बसून नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ मारून. लुगड्याचा काष्टा, खाली मिलिटरीचे बूट आणि हातात खुरपं, अशी ती अंगणात उतरली. हरणाबाई पाणी भरून येत होती, तिनं घागर खाली ठेवली.

"आगं बया! साळूबाई, भरती झालीस काय?"

"व्हय," साळूबाई म्हणाली. "चल, तुला बी न्हेते. लांगरखान्यात भाकऱ्या भाजायला जागा हाय."

"आवं, आज डबा धरलाय," नाथाजी मागनं ओरडला. "वाटी खाऊन जा! ऊन चडलं की वरचा थर मऊ पडंल!"

"वाळूत ठिवा!" साळूबाई न वळता म्हणाली. "दोन सऱ्या काडून येते."

बूट तिला दोन बोटं मोठे होते. पहिली काही पावलं ती बदकागत टाकत गेली, मग अंदाज आला तशी झपाझप. नाथाजीनं डबा ओल्या वाळूत खोल रुतवला, वर फडकं टाकलं आणि माश्या वारत बसून राहिला.